स्कॉटलंडमधलं एकच लहान गाव नीट बघायचंय, इतिहासासकट. कुठलं निवडू?

पागोळी:
मंडळी, सल्ला हवाय. सप्टेंबरच्या शेवटी आई-बाबा माझ्याकडे मँचेस्टरला येतायत आणि तिथून आम्ही तिघं स्कॉटलंडला जाणार आहोत. एडिनबराचं सगळं ठरलंय, त्याबद्दल विचारत नाहीये. त्यानंतरचे तीन-चार दिवस मोकळे आहेत आणि ज्याला विचारावं तो म्हणतो स्काय बेटावर जा, पण सकाळी बसमध्ये बसायचं, मध्ये पाच ठिकाणी वीस-वीस मिनिटं उतरून फोटो काढायचे आणि रात्री उशिरा परत यायचं, हे मला आई-बाबांबरोबर करायचंच नाहीये.

बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांना किल्ले आणि राजे यापेक्षा गाव कसं वसलं, जमीन कोणाची होती, कोण गाव सोडून गेलं आणि का गेलं, यात जास्त रस आहे. फोनवर मला म्हणाले, "एकच गाव बघू, पण पूर्ण बघू." मला ते फार पटलं. आईचे गुडघे दुखतात त्यामुळे चढ नको, सपाटीवर मात्र ती आरामात तासभर चालते.

तर असं एखादं खरोखर लहान गाव सुचवा ना, जिथे मुक्काम करता येईल आणि बघायला-वाचायला काहीतरी असेल. गाडी मी चालवणार. आणि एक, चर्चच्या आवारात, कबरींमधून आपण असं बाहेरून येऊन फिरलेलं तिथल्या लोकांना चालतं का? उगाच कोणाला दुखवायचं नाहीये.

डोंगरवाट:
तुमच्या बाबांसाठी एकच नाव डोक्यात आलं, फॉर्टिंगल. पर्थशायरमध्ये, अ‍ॅबरफेल्डीपासून साधारण तेरा किलोमीटर पश्चिमेला, ग्लेन लायनच्या (ग्लेन म्हणजे दरी) तोंडाशी. एडिनबराहून गाडीने दोन तासांपेक्षा जरा जास्त धरा. गाव म्हणजे काय तर एक रस्ता, त्याच्या कडेने गवताने शाकारलेली थोडीशी घरं, एक हॉटेल, एक चर्च. गाडीतून न थांबता गेलात तर गाव कधी संपलं ते कळणार पण नाही. पण थांबलात तर चार हजार वर्षं एका चालीत बघून होतात, ते पण पूर्ण सपाटीवर, म्हणजे काकूंनाही त्रास नाही.

चर्चच्या आवारात यूचं (सुईसारख्या पानांचं, सदाहरित) झाड आहे, दगडी भिंत आणि लोखंडी गजांच्या मागे. पहिल्यांदा बघणाऱ्याची थोडी निराशा होते कारण डोक्यात आभाळाला भिडलेलं अजस्र झाड असतं आणि समोर दिसतात ती चार-दोन वेगळी वेगळी मध्यम उंचीची खोडं. वडाच्या पारंब्या रुजून जशी नवी खोडं होतात तसं काहीतरी असेल असं वाटतं, पण इथे बरोबर उलटं झालंय. एकच प्रचंड खोड होतं, त्याचा मधला गाभा कुजून गेला आणि कडेची साल-लाकूड तेवढं उभं राहिलं. 1769 मध्ये मोजलं तेव्हा घेर 52 फूट भरला होता, म्हणजे जवळजवळ 16 मीटर. त्या मूळ खोडाचा घेर दाखवायला जमिनीत खुंट्या मारल्यात, त्या खुंट्या नजरेने एकेक जोडत गेलं की मग अंगावर काटा येतो. जुन्या काळी प्रेतयात्रा या खोडाच्या फटीतून जायच्या असं सांगतात. गाभाच नसल्यामुळे वाढीची कडी मोजता येत नाहीत, म्हणून वयाचा नेमका आकडा कोणीच देऊ शकत नाही. दोन ते तीन हजार वर्षं हा अंदाज बरेच जण मानतात, पाच हजार म्हणणारेही आहेत, मी स्वतः तीनच्या पुढे जाणार नाही.

आणि हे झाड नर आहे, शतकानुशतकं नर म्हणूनच नोंदलेलं, पण 2015 मध्ये एका फांदीवर लाल फळं दिसली! एडिनबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या लोकांनी ते टिपलं. फक्त तेवढी एक फांदी मादी झाली, बाकी झाड होतं तसंच. एवढ्या वयात असा बदल करणाऱ्या झाडासमोर मी तरी बराच वेळ नुसता उभा होतो.

कृपा करून एक सांगतो, काडीसुद्धा तोडू नका आणि कोणी तोडताना दिसलं तर टोका. अठराव्या शतकात लोक आठवण म्हणून फांद्या आणि खोडाचे तुकडे कापून न्यायचे, म्हणून तर भिंत बांधावी लागली, आणि भिंत असूनही हा प्रकार अजून पूर्ण थांबलेला नाही. शिवाय यूची पानं आणि बिया विषारी असतात.

दुसरी गोष्ट हॉटेलसमोरच्या शेतात. एक गोल उंचवटा आहे, वर एक उभा दगड. गेलिकमधल्या नावाचा अर्थ मेलेल्यांची रास. मूळ उंचवटा कांस्ययुगातला, पण चौदाव्या शतकात प्लेग आला तेव्हा गावातले मेलेले लोक तिथे नेऊन पुरले अशी परंपरा आहे. दगडावरच्या मजकुरात म्हटलंय की एका पांढऱ्या घोड्याच्या घसरगाडीवरून ही प्रेतं आणली आणि घोडा एक म्हातारी हाकत होती. बस्स, तिचं नाव नाही, घरचं कोण गेलं ते नाही. सगळं गाव मरत असताना रोज तो घोडा जुंपणारी ती बाई कोण असेल हे माझ्या मनातून जात नाही. आणि याच उंचवट्यावर 1924 पर्यंत दर नोव्हेंबरात सामेनची (थंडीच्या सुरुवातीच्या जुन्या गेलिक सणाची) होळी पेटायची, गावातले लोक हात धरून भोवती नाचायचे.

गावाच्या पूर्वेला शेतात तीन-तीनच्या गटात उभे केलेले दगड आहेत, तेही रस्त्यावरून दिसतात. ते बघितलेत की चार हजार वर्षांचा हिशोब पुरा.

रानवारा:
फॉर्टिंगल सुंदरच आहे, पण डोंगरवाट यांनी घरांबद्दल सांगितलं नाही आणि काकांचा प्रश्न तर तोच आहे, जमीन कोणाची. ती गवती छपराची घरं बघून लोक म्हणतात अहाहा काय जुनं स्कॉटिश गाव, तर ती घरं 1890 च्या आसपासची आहेत. सर डोनाल्ड करी म्हणून मोठे जहाजमालक होते, कॅसल लाइन कंपनीचे, दक्षिण आफ्रिकेला बोटी चालवायचे, तिथली रग्बीची करी कप स्पर्धा त्यांच्याच नावाची. त्यांनी 1885 मध्ये ग्लेनलायनची इस्टेट विकत घेतली आणि जेम्स मॅकलरेन या तरुण आर्किटेक्टकडून गाव नव्याने बांधून घेतलं. मॅकलरेन 1890 मध्ये अगदी तरुणपणी गेला, पण स्कॉटलंडच्या वास्तुकलेत या गावाला आजही मान आहे.

हे सांगायचं कारण, काकांनी घरं बघताना हे डोक्यात ठेवलं तर गाव वेगळंच दिसायला लागेल. एक माणूस अख्खी दरी विकत घेऊ शकत होता आणि आपल्या आवडीप्रमाणे गाव घडवू शकत होता. करींनी चांगलं घडवलं, भाडेकरूंना पक्की घरं मिळाली, ते मान्यच. पण त्याच्या आधीच्या शंभर वर्षांत याच डोंगराळ भागात दुसऱ्या मालकांनी गावंच्या गावं रिकामी केली, तेही त्याच हक्काने. स्कॉटलंडमधल्या कुठल्याही खेड्यात गेलात तरी पहिला प्रश्न हाच विचारायचा, हे कोणी बांधलं आणि आधी इथे कोण राहत होतं.

किल्लेदार:
वरच्या दोघांना अनुमोदन. फक्त एक धोक्याची सूचना. गावात आणि नेटवर सगळीकडे तुम्हाला ऐकायला मिळेल की येशूला सुळावर चढवायचा हुकूम देणारा पाँटियस पायलट फॉर्टिंगलमध्ये जन्मला, त्याचा बाप रोमन राजदूत म्हणून इथल्या सरदाराकडे आला होता वगैरे. काका इतिहासाचे आहेत म्हणजे लगेच पकडतीलच. पायलट जुडियाचा अधिकारी होता इसवी सन 26 ते 36 या काळात, म्हणजे जन्म त्याच्या बराच आधीचा. आणि रोमन सैन्य स्कॉटलंडमध्ये पोचलं अ‍ॅग्रिकोला या सेनापतीच्या वेळी, इसवी सन 79-80 च्या सुमारास. त्या आधी सीझर आला होता पण तो इंग्लंडच्या दक्षिण टोकाला. मग बाप इथे काय करत होता? गोष्ट मजेदार आहे, सांगणाऱ्याला सांगू द्यावी, पण इतिहास म्हणून घेऊ नये.

मला वाईट याचं वाटतं की या भाकडकथेपायी गावाचा खरा मोठेपणा झाकला जातो. सोळाव्या शतकात इथे जेम्स मॅकग्रेगर नावाचे धर्मगुरू होते, लिझमोरचे डीन ही त्यांची पदवी. त्यांनी आणि त्यांच्या भावाने 1512 पासून पुढे तीसेक वर्षं जुन्या गेलिक कविता गोळा करून लिहून ठेवल्या, वीरगाथा, स्तुतिकाव्य, प्रेमाच्या, चावट, सगळ्या. ती वही आज एडिनबराच्या नॅशनल लायब्ररीत आहे आणि स्कॉटलंडमधल्या मध्ययुगीन गेलिक कवितेबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं कितीतरी या एका वहीमुळे. त्यात एका विधवेचं शोकगीत आहे, ती गेलेल्या नवऱ्याच्या जपमाळेशी बोलते, म्हणते की या माळेनेच माझे अश्रू जागे केले. पंधराव्या शतकातली बाई, तिचं नावही वहीत आहे. एवढ्याशा खेड्यात बसून कोणीतरी ती उतरवून घेतली नसती तर ती कविता गेलीच असती.

चर्चची आत्ताची इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे, पण जागा फार जुनी, इथे सुरुवातीच्या ख्रिस्ती काळातला मठ होता असं मानतात आणि कोरलेल्या क्रॉसचे दगडी तुकडे सापडलेत. इथली पुरातन हातघंटा होती ती 2017 मध्ये चोरीला गेली. हजार वर्षांहून जास्त काळ गावाने जपलेली वस्तू, आणि कोणीतरी येऊन उचलून नेते, मला आजही संताप येतो.

पागोळी:
अरे वा, एवढं सगळं! मी बाबांना हे सगळं फोनवर वाचून दाखवलं, त्यांनी त्या घोडा हाकणाऱ्या म्हातारीचं दोनदा वाचायला लावलं. रानवारा, तुम्ही जे गावं रिकामी केली म्हणालात त्याबद्दल बाबांना अजून हवंय. ते बघायला फॉर्टिंगलहून जवळ काही आहे का, की त्यासाठी दुसरीकडेच जावं?

ताम्हण:
पागोळी, मी इनव्हरनेसला राहते म्हणून हे उत्तर मी देते, रानवारा यांनी भर घालावी.

क्लिअरन्सेस म्हणतात त्याला. 1746 मध्ये कलोडनला जेकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने लढणाऱ्यांचा, पराभव झाला, त्यानंतर क्लॅनच्या (भावकीच्या टोळ्यांच्या) प्रमुखांची सत्ता कायद्याने मोडली. आधी प्रमुखाची ताकद मोजायची ती त्याच्यामागे किती माणसं उभी राहतात त्यावर, आता त्याला माणसं नकोत, भाडं हवं. आणि मेंढ्यांना जेवढं भाडं मिळत होतं तेवढं ओट्स आणि बटाटे पिकवणारी कुळं देऊ शकत नव्हती. त्यामुळे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत दरीमागून दरी मोकळी केली, कोणाला समुद्रकाठी खडकाळ तुकड्यावर नेऊन बसवलं, कोणी कॅनडाला गेलं, कोणी ग्लासगोच्या गिरण्यांत. आज ज्या मोकळ्या निर्जन हायलँडचे फोटो काढतो आपण, त्यातला बराच मोकळेपणा असा आलेला आहे. हे माहीत असलं की तो देखावा बघताना पोटात कालवतं, निदान माझ्या तरी.

बघायचं असेल तर माझ्या मते एकच जागा, क्रॉइकचं चर्च. आर्डगाय गावापासून स्ट्राथकॅरन दरीत आत पंधरा-सोळा किलोमीटर, एकाच गाडीपुरता अरुंद रस्ता, शेवटी झाडांच्या घोळक्यात एक छोटं पांढरट-करडं चर्च. थॉमस टेलफर्डच्या देखरेखीखाली सरकारी पैशाने हायलँडमध्ये साध्या नमुन्याची चर्चं बांधली होती त्यातलं हे एक, 1827 चं. 1845 च्या मे महिन्यात शेजारच्या ग्लेनकॅल्व्हीतल्या लोकांना घराबाहेर काढलं, भाडं थकलं म्हणून नाही बरं का, भाडं ते देत होते, मेंढ्यांसाठी जमीन हवी होती म्हणून. ऐंशीच्या आसपास माणसं, त्यात तान्ही मुलं, जायला जागा नाही, तर ती सगळी या चर्चच्या आवारात कबरींमध्ये ताडपत्री आणि घोंगड्यांचा आडोसा करून राहिली. चर्चच्या आत नाही गेली. देवाच्या घरात असं राहणं त्यांना बरोबर वाटलं नाही असं सांगतात.

आणि तिथे त्यांनी पूर्वेकडच्या खिडकीच्या काचांवर बाहेरून ओरखडून लिहिलं. चौकटीत चौकोनी-तिरप्या लहान लहान काचा आहेत, अक्षरं अगदी बारीक, समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही, मान थोडी वाकडी करून काचेवर उजेड तिरपा पडला की एकेक अक्षर उमटतं. ग्लेनकॅल्व्हीचे लोक 24 मे 1845 ला इथे आवारात होते, असं लिहिलंय. आणि एका ठिकाणी स्वतःलाच म्हटलंय, ग्लेनकॅल्व्हीचे लोक, दुष्ट पिढी. म्हणजे आपल्यावर हे संकट आलं ते आपल्याच पापामुळे असं त्यांना वाटत होतं. मालकाला शिवी नाही, तक्रार नाही. मी तिथे उभी राहून रडले आहे, सांगायला काही संकोच नाही.

लंडनच्या टाइम्सने तेव्हा आपला बातमीदार पाठवला होता, त्यामुळे या एका गावाची हकीकत देशभर गेली. बाकीच्या शेकडो गावांसाठी कोणी आलं नाही. कुळांना जमिनीवरून उठवता येणार नाही असा कायदा व्हायला 1886 उजाडलं.

पण एक लक्षात घ्या, फॉर्टिंगलहून क्रॉइक म्हणजे एका बाजूने तीन तासांच्या आसपास ड्रायव्हिंग आहे, आई-बाबांना घेऊन जाऊन-येऊन एका दिवसात अजिबात करू नका. दोन्हीपैकी एकच निवडा. क्रॉइकला राहायची सोय नाही, आर्डगाय किंवा बोनार ब्रिजला राहावं लागेल.

रानवारा:
ताम्हणताई, तुम्ही लिहिलंत त्यात भर घालण्यासारखं फारसं नाही. एवढंच की फॉर्टिंगलजवळ पण हे दिसतं, फक्त पाटी लावलेली नसते. लॉख टेच्या (लॉख म्हणजे तलाव) दोन्ही काठांवरच्या उतारांवर पडक्या घरांचे पाये आणि जुन्या बांधांच्या रेषा आहेत, ब्रेडलबेनच्या इस्टेटीतून एकोणिसाव्या शतकात खूप कुटुंबं उठवली. संध्याकाळी ऊन कलतं झालं की त्या रेषा रस्त्यावरून, गाडीजवळ उभं राहूनसुद्धा दिसतात.

आणि काकांसाठी आधी वाचायला सांगतो. 1790 च्या दशकात सर जॉन सिंक्लेअर यांनी स्कॉटलंडमधल्या प्रत्येक पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या) धर्मगुरूला प्रश्नावली पाठवली, गावात माणसं किती, पीक काय, मजुरी किती, लोक कुठली भाषा बोलतात, हवा कशी, कोण स्थलांतर करतंय. नऊशेच्या वर पॅरिशची उत्तरं आली आणि 1791 ते 1799 मध्ये स्टॅटिस्टिकल अकाउंट या नावाने छापली गेली. मग 1834 ते 1845 मध्ये दुसरी फेरी. दोन्ही ऑनलाइन वाचायला मिळतात. फॉर्टिंगल पॅरिशचं 1790 च्या दशकातलं आणि नंतरचं असं दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की पन्नास वर्षांत गावाचं काय झालं ते त्या गावातच राहणाऱ्या माणसाच्या तोंडून कळतं. सोबत नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर जुने नकाशे फुकट आहेत, 1747 ते 1755 मधला रॉयचा लष्करी नकाशासुद्धा. जुना नकाशा आजच्या उपग्रह चित्रावर ठेवून पारदर्शक करता येतो, कुठली वाडी गायब झाली ते लगेच दिसतं. इतिहासाच्या शिक्षकाला याहून काय हवं, प्रवासाआधीचे चार रविवार मजेत जातील.

कातळशिल्प:
मी जरा वेगळं सुचवतो. आईंच्या गुडघ्यांचा आणि वेळेचा विचार करता कूरसला का नाही जात (पाटीवर कलरॉस असं दिसेल)? फोर्थच्या खाडीकाठी, एडिनबराहून तासाभरात. सतराव्या शतकातली घरं, दगडी फरसबंदीच्या गल्ल्या, पिवळ्या रंगाचा वाडा. जॉर्ज ब्रूस नावाच्या व्यापाऱ्याने तिथे खाडीच्या तळाखालून कोळशाची खाण काढली होती, भर पाण्यातून शाफ्ट वर आणून, 1625 च्या वादळात ती बुडाली. तोच कोळसा जाळून समुद्राच्या पाण्यापासून मीठ बनवायचे. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने गेल्या शतकात ही घरं वाचवली नसती तर आज काही उरलं नसतं.

डोंगरवाट:
कातळशिल्प, कूरस छानच पण ते एका दिवसाचं आहे, एडिनबराच्या मुक्कामातच उरकता येईल. शिवाय आता तिथे एका मालिकेच्या शूटिंगमुळे गर्दी असते, आणि त्या दगडी गल्ल्या चढाच्या आणि उंचसखल आहेत, दुखऱ्या गुडघ्यांना तेच सगळ्यात वाईट. राहायला फॉर्टिंगलच.

वाटसरू_एडिनबरा:
ड्रायव्हिंगचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. फॉर्टिंगलपर्यंत रस्ता ठीक, पुढे ग्लेन लायनमध्ये एकाच गाडीपुरता अरुंद. कडेला पासिंग प्लेस अशा पाट्या दिसतील, समोरून गाडी आली तर तुमच्या डाव्या हाताला पासिंग प्लेस असेल तर त्यात शिरायचं, उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर रस्त्यातच थांबायचं आणि समोरच्याला तिथे शिरू द्यायचं. मागून कोणी घाईत असेल तर त्यालाही पुढे जाऊ द्या, तो तिथलाच डॉक्टर किंवा पोस्टमन असू शकतो. तिथे गाडी पार्क करून फोटो काढायला उतरू नका, गावातल्या लोकांची पहिली तक्रार हीच असते. मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या असतात, हॉर्न न वाजवता हळू जा. आणि संध्याकाळी हॉटेलात कोणी ग्लासभर घेणार असेल तर चालवणाऱ्याने अजिबात नाही, स्कॉटलंडमध्ये दारूची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, 2014 च्या डिसेंबरपासून, तुम्ही मँचेस्टरच्या हिशोबाने गेलात तर अडकाल.

फिरण्याचं म्हणाल तर 2003 च्या लँड रिफॉर्म कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक सगळ्या जमिनीवर जबाबदारीने चालत जायचा हक्क आहे, मालक कोणीही असो. घराचं अंगण आणि उभं पीक सोडून. फाटक जसं होतं तसं ठेवायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. शरद ऋतूत हरणांची शिकार चालते म्हणून डोंगरात जाण्याआधी हॉटेलात विचारा, तुम्ही तर खालीच असाल. मेंढरांच्या शेतातून त्या प्लेगच्या उंचवट्यापर्यंत जायचं झालं तर आधी विचारलेलं बरं वाटतं लोकांना, हक्क असला तरी.

चर्चच्या आवारात खुशाल फिरा. पण ती चालू स्मशानभूमी आहे, ताजी फुलं असलेल्या कबरीपाशी कोणी उभं असेल तर त्या बाजूला जाऊ नका, बाकी कोणी काही म्हणत नाही. उलट कोणी शिलालेख वाचताना दिसलं की गावातली म्हातारी माणसं आपणहून येऊन बोलतात.

मिजेस नावाची बारीक चावरी चिलटं असतात, मे ते सप्टेंबर. महिनाअखेरीस कमी झालेली असतील तरी आईंना फुल बाह्यांचं काहीतरी घ्यायला सांगा.

किल्लेदार:
कबरींचा विषय निघाला म्हणून, जाताना ए-नाइन हायवे सोडून बॅलिनलुइगला आत वळलात की लगेच लोगिरेट लागतं, तिथल्या चर्चच्या आवारात थांबा. लोखंडी पिंजरे ठेवलेत, शवपेटीच्या आकाराचे, त्यातला एक लहान मुलाच्या मापाचा. मॉर्टसेफ म्हणतात. एडिनबराच्या वैद्यकीय शाळांना चिरफाडीसाठी प्रेतं हवी असायची आणि कायद्याने मिळायची ती फाशी दिलेल्या खुन्यांचीच, ती कितीशी पुरणार, म्हणून ताज्या कबरी उकरून प्रेतं विकणाऱ्या टोळ्या झाल्या. मग गावाने मिळून पिंजरे घडवून घेतले, नवीन कबरीवर काही आठवडे ठेवायचे, आतलं शरीर विकण्यालायक राहिलं नाही की काढून पुढच्या घराला द्यायचे. 1832 च्या अ‍ॅनाटमी कायद्याने बेवारस प्रेतं वैद्यकीय शाळांना मिळायला लागली आणि तो धंदा बंद पडला. पण त्याने भीती गरिबांकडे गेली, वर्कहाउसमध्ये (गरिबांना ठेवायच्या जागेत) मेलं आणि कोणी न्यायला आलं नाही तर आपली चिरफाड होणार ही. तो लहान पिंजरा बघताना हात लावून बघितला मी, लोखंड हाताच्या अंगठ्याएवढं जाड आहे. कोणत्या आईबापांनी तो पहिल्यांदा मागून आणला असेल.

याच लोगिरेटच्या तुरुंगातून 1717 मध्ये रॉब रॉय हा प्रसिद्ध बंडखोर निसटला होता, बाबांना तेही आवडेल.

पागोळी:
ठरलं मग, फॉर्टिंगल! क्रॉइक बाबांनी पुढच्या वेळेसाठी राखून ठेवायला सांगितलंय, म्हणाले ते घाईत बघण्यासारखं नाही. स्टॅटिस्टिकल अकाउंटची लिंक त्यांना पाठवली, त्यांनी आत्तापर्यंत मला तीन मेसेज पाठवलेत त्यातल्या माहितीचे.

शेवटचे दोन प्रश्न. एक दिवस ग्लेन लायनमध्ये गाडीने आत जायचं म्हणतोय, आईला चालायला न लावता किती दिसेल? आणि पाऊस लागून राहिला तर काय करायचं?

डोंगरवाट:
भरपूर दिसेल. ब्रिज ऑफ बॅल्गीपर्यंत जा, तिथे चहाची सोय असते, पण सप्टेंबरअखेर कुठल्या दिवशी उघडं असतं ते आधी बघून घ्या. वाटेत रस्ता नदीच्या कडेकडेने जातो आणि बीचची झाडं तेव्हा रंगायला लागलेली असतील. 1692 च्या फेब्रुवारीत ग्लेनको गावात पाहुणे म्हणून राहून मग यजमानांचीच कत्तल करणाऱ्या सैनिकांचा कॅप्टन रॉबर्ट कॅम्पबेल हा याच ग्लेन लायनचा. जुगारात आणि कर्जात जमीन घालवून बसला होता आणि साठीच्या घरात असताना पोटासाठी सैन्यात गेला. त्याचं घर, त्याची दरी बघितली की ती कत्तल म्हणजे फक्त दोन क्लॅनचं भांडण एवढंच राहत नाही, त्यात कर्ज आहे, सरकारचा हुकूम आहे, सगळं येतं.

दरीच्या अगदी शेवटी, लॉख लायनच्या धरणापलीकडे डोंगरात एक गुडघाभर उंचीचं दगडी घरकुल आहे, त्यात नदीने गुळगुळीत केलेले काही दगड, म्हातारी, म्हातारा आणि त्यांची मुलं. दर वर्षी मेच्या सुरुवातीला त्यांना बाहेर काढून दरीकडे तोंड करून ठेवतात आणि थंडी सुरू होताना परत आत ठेवून दार लिंपतात. तिथल्या मेंढपाळांनी हे पिढ्यानपिढ्या सांभाळलंय. चालणं खूप आहे त्यामुळे आईंना नाही जमणार, बाबांनाही मी एकट्याने जा म्हणणार नाही, पण धरणाच्या बाजूला उभं राहून त्या दिशेला बघता येईल.

वाटसरू_एडिनबरा:
पावसासाठी केनमोरजवळचं क्रॅनॉग सेंटर. लॉख टेच्या पाण्यात खांबांवर घरं बांधून लोक राहायचे, अडीच हजार वर्षांपूर्वी, आणि गार पाण्यामुळे लाकूड, कापड, बिया सगळं टिकून राहिलं, एका लाकडी भांड्यात तर लोण्याचा अंशसुद्धा सापडला. पूर्वीची बांधलेली प्रतिकृती 2021 च्या जूनमध्ये आगीत जळाली, 2024 च्या एप्रिलपासून तलावाच्या उत्तर काठावर नव्या जागी सुरू झालंय. तिथले लोक पुढ्यात बसून लाकूडकाम, विणकाम, अग्नी पेटवणं दाखवतात आणि कितीही प्रश्न विचारले तरी उत्तर देतात. आईंना बसायला बाकं आहेत का, ते फोन करून विचारून घ्या. आणि हॉटेलची खोली आजच बघा, गावात दुसरं राहायला फारसं काही नाही. तिथे नाही मिळाली तर अ‍ॅबरफेल्डीत राहा, तिथल्या जनरल वेड यांनी बांधलेल्या 1733 च्या पुलावरून रोज गाडी न्यावी लागेल, त्यावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जातात, सिग्नल बघून जा.

पागोळी:
खोली मिळाली, तळमजल्यावरची! हॉटेलवाल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या शेतातल्या उंचवट्यापर्यंत जायला हरकत नाही, फक्त मेंढ्या असतील तर कडेकडेने जा. जाऊन आले की इथेच लिहीन, बाबांनी काढलेल्या टिपणांसकट.